ओळखपत्र आणि आरसा

फेलिक्स नुसबाउम या जर्मन ज्यू चित्रकाराचे ‘ज्यू ओळखपत्रासह आत्मचित्र’ मी प्रथम एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहिले. नंतर ते इतक्या ठिकाणी दिसत गेले की एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा असावा तसे ते होऊन बसले. मूळ चित्र जर्मनीत ओस्नाब्र्युक या त्याच्या जन्मगावी आहे. मी ते छापील प्रतींतूनच पाहिले आहे आणि त्यातला पिवळा रंग दर पुस्तकागणिक वेगळा निघतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण रंगलेपनाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मला बोलायचे आहे ते चित्रातला माणूस कोणाकडे पाहतो आहे, याविषयी.

चित्र १९४३च्या सुमाराचे, आकाराने लहानच. उंच भिंतींच्या कोपऱ्यात एक माणूस उभा आहे. डोक्यावर हॅट, अंगात ओव्हरकोट. एका हाताने त्याने कॉलर जराशी उचलून धरली आहे, त्यामुळे कोटावरचा पिवळा तारा पुरता दिसतो. दुसऱ्या हातात ओळखपत्र आहे. ते त्याने आपल्याला वाचता येईल असे धरले आहे. त्यावर छोटा फोटो आणि तांबड्या शिक्क्यातली दोन शब्दांची नोंद : एकच अर्थ, एकदा फ्रेंचमध्ये आणि एकदा डचमध्ये, कारण बेल्जियमचा कारभार या दोन भाषांत चालतो. ज्यू, ज्यू. भिंतीपलीकडे एका इमारतीचा वरचा भाग, काळवंडलेले आभाळ, फांद्या छाटलेले एक झाड आणि त्याच्याजवळ, कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येऊ नये असे, फुललेले दुसरे.

त्याने मान वळवून आपल्याकडे पाहिले आहे. रस्त्यात कोणी मागून हटकले की माणूस असाच वळतो. कागद काढायला सांगितले असणार, म्हणून त्याने कागद काढला आहे. तेव्हा चित्रासमोर आपण ज्या जागी उभे असतो, ती जागा प्रेक्षकाची नाही, तपासणाऱ्या शिपायाची आहे. मला हे समजायला बरीच वर्षे लागली. तोवर मी या चित्राकडे कणवेने पाहत होतो, आणि कणवेने पाहणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत याचा पत्ता लागत नाही.

आता थोडी हकीगत. नुसबाउमचा जन्म १९०४चा. १९३२ साली शिष्यवृत्तीवर रोमला गेला आणि हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत राहायला परतला नाही. १९३५पासून बेल्जियममध्ये. त्याची बायको फेल्का प्लाटेक ही वॉर्साची, तीही चित्रकार. मे १९४०मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या तेव्हा बेल्जियमच्या सरकारने त्याला ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून पकडले आणि दक्षिण फ्रान्समधल्या सें-सिप्रियां छावणीत धाडले. म्हणजे ज्या देशाने त्याला ज्यू म्हणून नाकारले, त्याच देशाचा नागरिक म्हणून तो गजाआड गेला. तिथून निसटून तो ब्रसेल्सला आला आणि नवराबायको लपून राहू लागली. जून १९४४मध्ये दोघे पकडले गेले. ३१ जुलैला मेखेलेनच्या छावणीतून आउशवित्झला जी गाडी सुटली, तीत ती होती. त्या मार्गावरची ती शेवटची गाडी.

आता मुद्दा असा की लपून राहणारा माणूस छातीवर तारा लावून रस्त्यावर उभा राहत नाही. बेल्जियममध्ये ताऱ्याची सक्ती १९४२च्या उन्हाळ्यात आली. तो लावणे म्हणजे स्वतःला हवाली करणे, हे या नवराबायकोला पक्के ठाऊक असणार. तेव्हा चित्रातला प्रसंग घडलेला नाही. तो न घडावा म्हणून चाललेल्या धडपडीत, बंद खोलीत बसून, नुसबाउमने तो रंगवला. सगळे जण त्याला दस्तऐवज म्हणतात. माझ्या मते तो दस्तऐवज नव्हे, रंगवलेली शंका आहे : मला पाहायचेच ठरवलेत तर तुम्ही मला असेच पाहाल ना?

इथून माझा प्रश्न सुरू होतो. युरोप-अमेरिकेतल्या ज्यू चित्रकारांची आत्मचित्रे म्हटली की हेच चित्र पुढे येते. त्यातला माणूस ज्यू आहे हे आपल्याला कशावरून कळते? ताऱ्यावरून आणि शिक्क्यावरून. म्हणजे शत्रूने ठोकलेल्या खुणेवरून. मग ज्या चित्रात ही खूण नाही, त्यात ज्यू माणसाने स्वतःला दाखवलेच नाही, असे म्हणायचे का? आपण, म्हणजे समीक्षक, संग्रहालयवाले, मुखपृष्ठ निवडणारे, सहसा तसेच म्हणत आलो आहोत.

ज्यूंना प्रतिमा वर्ज्य, म्हणून त्यांच्यात चित्रकला नाही, हे या विषयावरचे ठरलेले पहिले वाक्य असते. दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा त्यासाठी पुढे केली जाते. ते वाक्य मला कधीच पटलेले नाही. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथले तिसऱ्या शतकातले सिनेगॉग १९३२ साली उकरून काढले, तेव्हा त्याच्या भिंती बायबलमधल्या प्रसंगांनी आणि माणसांनी भरलेल्या निघाल्या. मध्ययुगात पासओव्हरच्या सणाला वाचायच्या ‘हग्गादा’ पोथ्या चित्रांनी सजवलेल्या असत. आणि फार लांब कशाला जायचे? आपल्या कोकणातल्या, मुंबईतल्या बेने इस्राएल घरांत अग्निरथातून स्वर्गाला निघालेल्या एलियाहू हन्नाबीची तसबीर लावलेली असते. ज्यू घर आणि भिंतीवर चित्र, यात त्या घरांना काही वावगे वाटत नाही. आज्ञा होती ती मूर्तीला नमस्कार करण्याविरुद्ध; पाहण्याविरुद्ध ती किती होती, हे काळागणिक आणि गावागणिक बदलत गेले.

खरी अडचण चित्र नसण्याची नव्हती, आधीच काढून ठेवलेल्या चित्रांची होती. कित्येक शतके युरोपात ज्यूचा चेहरा दुसऱ्यांनीच काढला होता : चर्चच्या दगडांत, छापील व्यंगचित्रांत, नाक, दाढी, टोपी, पैशांची थैली. एकोणिसाव्या शतकात ज्यूंना हळूहळू नागरिकत्व मिळू लागले, कला-अकादमींची दारे उघडली आणि तरुण ज्यू चित्रकार आरशासमोर बसला, तेव्हा आरशात त्याच्या आधीच कोणीतरी बसलेले होते.

माउरित्सी गॉटलीबची गोष्ट पाहा. गालिशियातल्या द्रोहोबिच गावी १८५६ साली जन्मलेला हा मुलगा क्राकूवला यान मातेइकोचा विद्यार्थी झाला. मातेइको म्हणजे पोलंडच्या इतिहासाचा चित्रकार. गुरूच्या प्रभावाखाली गॉटलीबने १८७४मध्ये स्वतःला पोलिश सरदाराच्या वेषात रंगवले. दोन वर्षांनी त्याच चेहऱ्याला त्याने ‘अहासुएरस’ केले, ख्रिस्ती दंतकथेतला तो शापित, भटकणारा ज्यू. एकच चेहरा, दोन पोशाख, आणि दोन्ही दुसऱ्यांच्या कपाटातले. पहिला पोशाख पोलंडचा, तो मागून घेतलेला. दुसरा ख्रिस्ती कथेचा, तो गळ्यात मारलेला. विशीतल्या मुलाने दोन्ही घालून पाहिले आणि दोन्ही त्याला शोभले, हीच त्यातली दुःखाची गोष्ट.

मग १८७८मध्ये त्याने ‘योम किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणारे ज्यू’ हे मोठे चित्र केले. ते आता तेल अवीवच्या संग्रहालयात आहे. योम किप्पूर म्हणजे वर्षभराच्या पापांची क्षमा मागण्याचा उपासाचा दिवस. सिनेगॉग माणसांनी भरले आहे, वरच्या अंगाला बायका आहेत. या गर्दीत गॉटलीबने स्वतःला तीनदा रंगवले आहे : लहान मूल म्हणून, मुलगा म्हणून, आणि मधोमध तरुण म्हणून, हातावर डोके टेकून उभा असलेला. त्याचे जिच्याशी लग्न ठरून मोडले, ती लाउरा रोझेनफेल्डही बायकांत दोनदा आहे. आणि समोर धरलेल्या तोरा-ग्रंथाच्या वस्त्रावर हिब्रू अक्षरांत मोशे गॉटलीब याच्या स्मरणार्थ, म्हणजे तो आता हयात नाही अशा भाषेत, अर्पणाची नोंद आहे. चित्रकार तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढच्या उन्हाळ्यात क्राकूवमध्ये तो खरोखरच मेला.

या नोंदीवरून भविष्यकथनाच्या रसभरित गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. मला त्यात गोडी नाही. मला खिळवून ठेवते ते हे की इथे पोशाख उसना नाही, अक्षरे उसनी नाहीत, भोवतालची माणसे त्याच्याच गावची वाटतात, आणि तरीही त्या तरुणाची नजर कोणाशीच मिळत नाही. बाजूचे लोक पुस्तकात किंवा स्वतःत बुडालेले. तो त्यांच्यात आहे आणि त्यांचा नाही. ‘आपल्या लोकांत’ परतलेल्या माणसाचे चित्र म्हणून याचा गौरव होतो. परतणारा माणूस स्वतःच्या नावाचा स्मृतिलेख सोबत आणतो का? गॉटलीबला घर सापडले आणि त्या घरात त्याने स्वतःला तसबिरीत टांगले, असे मी म्हणेन. ज्यू आत्मचित्रांतले हे मला सर्वांत खोल वाटते, कारण त्यात बाहेरच्याला उत्तर देण्याची घाई नाही. बाहेरचा तिथे आलेलाच नाही.

माक्स लीबरमानच्या बाबतीत तो फार लवकर आला. १८७९ साली म्युनिकच्या प्रदर्शनात त्याने ‘बारा वर्षांचा येशू मंदिरात’ हे चित्र मांडले. वडीलधाऱ्या पंडितांशी वाद घालणारा पोरगा त्याने खराखुरा पोरगा केला : काळे विस्कटलेले केस, बोलताना हलणारे हात. येशू ज्यू होता, तर तो ज्यू मुलासारखा दिसेल, इतका साधा हिशेब. त्यावर असा गहजब झाला की प्रकरण बव्हेरियाच्या विधिमंडळात चर्चेला गेले. लीबरमानने पुढे त्या मुलाला पुन्हा रंगवले. आज हाम्बुर्कच्या संग्रहालयात जो दिसतो तो उजळ केसांचा, नीटनेटका, शांत येशू आहे. आधीचा पोरगा रेखाटनात उरला आहे. एका ज्यू चित्रकाराला चित्रातल्या ज्यू मुलाचे केस उजळ करावे लागले, यापेक्षा या विषयावर वेगळा ग्रंथ नको.

यानंतर लीबरमानने धर्मविषय जवळजवळ सोडला. जर्मनीतल्या नव्या चित्रकलेचा तो म्होरक्या झाला आणि १९२०मध्ये प्रशियाच्या कला अकादमीचा अध्यक्ष. उतारवयात त्याने स्वतःची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. त्यांत आहे काय? टक्कल, मिशी, चांगला शिवलेला कोट किंवा कामाचा अंगरखा. ज्यू म्हणावे असे एकही चिन्ह नाही. म्हणूनच ‘ज्यू आत्मचित्र’ या विषयावरच्या चर्चेत ती मागे पडतात, आणि आली तरी ‘मिसळून गेलेल्या’ माणसाचा नमुना म्हणून, जरा नाक मुरडून.

मी स्वतः असे नाक मुरडलेले आहे. लीबरमान मला सुखवस्तू बर्लिनकर वाटे, जो स्वतःचे अर्धे सत्य बाहेर खुंटीला टांगून आरशासमोर बसतो. मत बदलले ते १९३४च्या आत्मचित्राने. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३३मध्ये, ऐंशी उलटलेल्या लीबरमानला अकादमी सोडावी लागली होती. ज्यूंची चित्रे यापुढे तिथे मांडली जाणार नव्हती. अशा वेळी त्याने तारुण्यापासून जे केले तेच केले, कामाच्या कपड्यांत स्वतःला रंगवले. भोवतालचे सगळे जग त्याला एकाच शब्दाने ओळखू लागले असताना त्याने त्या शब्दाला चित्रात जागा दिली नाही. हे लपवणे आहे की नकार? १८७९च्या पोरग्याचे केस उजळ करणारा लीबरमान लपवत होता, हे मान्य. पण १९३४चा म्हातारा लपवत नव्हता. लपण्यासारखे काही उरलेच नव्हते. मी चित्रकार आहे, एवढेच तो म्हणतो आणि तेच त्याचे ज्यू असणेही आहे, कारण हे वाक्य उच्चारायला त्या वर्षी त्या शहरात फक्त ज्यूलाच बंदी होती असे नाही, पण ज्यूला ती जन्मावरून होती. तो फेब्रुवारी १९३५मध्ये वारला. त्याची बायको मार्था हिला १९४३मध्ये छावणीत नेण्याची नोटीस आली तेव्हा तिने विष घेतले. ती पंच्याऐंशी वर्षांची होती.

खुणेचा प्रश्न लीबरमानने खूण न काढून सोडवला. दुसरा मार्ग आहे खूण इतकी ठळक काढण्याचा की ती कोणी काढली हे दिसावे. आर्ट स्पीगलमानच्या ‘माउस’मध्ये हे घडते. ही चित्रकादंबरी दोन खंडांत, १९८६ आणि १९९१ साली, पुस्तकरूपाने आली आणि १९९२मध्ये तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. छळछावणीतून वाचलेल्या बापाची कहाणी न्यू यॉर्कमधला मुलगा चित्रांतून सांगतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरे, पोलिश डुकरे. नाझी प्रचारात ज्यूंना उंदीर-घुशी म्हटले जाई; स्पीगलमानने शिवीच उचलून नायकाच्या धडावर बसवली.

माणसाला प्राण्याचे डोके लावणे हे ज्यू चित्रपरंपरेत नवे नाही. साधारण १३००च्या सुमारास जर्मनीत तयार झालेल्या एका हग्गादा पोथीत ज्यू स्त्री-पुरुषांना पक्ष्यांची डोकी आहेत. असे का केले यावर विद्वानांचे एकमत नाही. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. त्यातल्या कित्येक पुरुषांच्या डोक्यावर, चोचीच्या वर, टोकदार टोपी आहे. ख्रिस्ती राज्यांत ज्यूंची खूण ठरलेली टोपी. चेहरा झाकला, पण टोपी ठेवली. खूण इतकी अंगवळणी पडली होती की ती पोशाख झाली होती.

‘माउस’च्या दुसऱ्या खंडात एक जागा आहे जिथे लेखक स्वतःच ड्रॉइंग टेबलाशी बसलेला दिसतो. पहिला खंड गाजला आहे, मुलाखतवाले दाराशी आहेत आणि टेबलाखाली प्रेतांचा खच आहे. इथे लेखकाचे डोके उंदराचे नाही. माणसाचे डोके आहे आणि त्यावर उंदराचा मुखवटा. मुखवट्याची दोरी डोक्यामागे स्पष्ट काढली आहे. मी या दोरीपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. पूर्ण उंदीर काढला असता तर ‘आम्ही हे आहोत’ असे झाले असते. मुखवटा काढून फेकला असता तर ‘आम्ही हे नाही’ असे, आणि तेही खोटेच, कारण छावणीत न गेलेल्या या मुलाचे यश बापाच्या उंदीरपणावरच उभे आहे. दोरी दाखवून तो सांगतो की हे बांधावे लागते, रोज.

आणि त्याच खंडात एक खरा फोटोही छापला आहे : बाप व्लादेक, छावणीच्या पट्टेरी कपड्यांत, ताठ, देखणा. हा फोटो छावणीतला नव्हे. युद्ध संपल्यावर एका स्टुडिओत, आठवणीसाठी फोटो काढून घेणाऱ्यांकरिता असे कपडे ठेवलेले होते, तिथे तो काढून घेतलेला आहे. वाचलेला माणूस बायकोला आपण जिवंत आहोत हे कळवायला असा फोटो पाठवतो! नुसबाउमने न घातलेला तारा रंगवला. व्लादेकने उतरवलेला गणवेश पुन्हा घातला. कागदोपत्री दोन्ही खोटे. स्वतःला दाखवायचे तर शत्रूचा कपडा लागतो, याचा याहून उघडा पुरावा मी पाहिलेला नाही.

याच मार्गावर आर. बी. कीताय या अमेरिकेत जन्मून लंडनमध्ये राहिलेल्या चित्रकाराचे मात्र मला काहीसे फसलेले वाटते. त्याने १९८९मध्ये ‘डायस्पोरिस्ट’ चित्रकलेचा जाहीरनामा लिहिला, जो सो गामर नावाचा एक काल्पनिक ज्यू आगगाडीत बसवला नि पुढे चित्रांशेजारी स्वतःची लांबलचक विवरणे लावली. नाव लिहिताना मीच अडखळलो; त्या पात्राचे नाव जो सिंगर. अडखळलो ते बरेच झाले, कारण कीतायच्या चित्रांत असे होते : नावे, संदर्भ, ग्रंथ यांची इतकी दाटी की डोळ्याला बसायला जागा मिळत नाही. १९९४च्या त्याच्या टेटमधल्या प्रदर्शनावर लंडनचे टीकाकार तुटून पडले. लगेच त्याची बायको सँड्रा फिशर वारली आणि तिच्या मृत्यूला त्याने टीकाकारांनाच जबाबदार धरले. टीका निर्घृण होती. पण विवरणांविषयीचा आक्षेप खोटा नव्हता. ओळखपत्र दाखवायला कोणी सांगितले नसताना तो खिशातून कागद काढत राहिला.

अमेरिकेतली पुढची पिढी जास्त हसरी आहे. डेबरा कासने १९९०च्या दशकात वॉरहोलच्या शैलीत बार्बरा स्ट्रायसंडचे चेहरे छापले, मुद्दाम बाजूने, नाक पुरते दिसेल असे. हॉलिवूडसाठी जे नाक कापून घेतात, ते या बाईने घेतले नाही, म्हणून ती कासची देवी. ज्या नाकावर युरोपच्या व्यंगचित्रकारांनी शंभर वर्षे पोट भरले, ते इथे चंदेरी होते. मजा येते, दुसऱ्यांदा पाहावेसे फारसे वाटत नाही.

माझ्या मराठी कानाला या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट सारखी टोचते. १ जानेवारी १९३९पासून जर्मनीतल्या ज्यू पुरुषांना स्वतःच्या नावात ‘इस्राएल’ आणि बायकांना ‘सारा’ जोडण्याची सक्ती झाली. ओळखपत्रांवर, अर्जांवर तो शब्द शिव्यासारखा उमटू लागला. तोच शब्द कोकणातल्या एका समाजाने आपणहून धारण केलेला होता : बेने इस्राएल, इस्राएलची लेकरे. शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. त्या नावात हेटाळणी असलीच तर जातिव्यवस्थेतली नेहमीची होती. पेणकर, केहीमकर, रोहेकर ही आडनावे गावांवरून पडली. या लोकांचा चेहरा वेगळा काढून दाखवायची गरज कोणाला पडली नाही. गरज पडली ती त्यांच्यातले काही जण पश्चिमेला गेल्यावर.

सियोना बेंजामिन मुंबईच्या बेने इस्राएल घरात वाढल्या, जे. जे.मध्ये शिकल्या आणि अमेरिकेत चित्रकार झाल्या. तिथे त्यांच्यापुढचा प्रश्न नुसबाउमच्या नेमका उलटा. तुम्ही ज्यू दिसत नाही, असे त्यांना ऐकावे लागे. अमेरिकेत ज्यू म्हणजे पूर्व युरोपातून आलेला गोरा माणूस, हे धरूनच चालतात. सावळ्या, मराठी वळणाच्या बाईला तिथे कागद दाखवूनही प्रवेश मिळेना. ‘फाइंडिंग होम’ या चित्रमालिकेत त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याच्या बायका निळ्या केल्या. निळा म्हणजे कृष्णाचा, आभाळाचा, कोणत्याच देशात माणसाच्या कातडीचा नसलेला रंग. एका चित्रात निळ्या बाईला अनेक हात फुटले आहेत आणि ते हातच सात दिव्यांची मेनोरा झाले आहेत. देवीही आणि दीपमाळही. दुसरीकडे ज्यू दंतकथेतली लिलिथ कॉमिकच्या ठिपक्यांत अवतरते. लघुचित्रांची कारागिरी, पॉप आर्ट, हिब्रू अक्षरे, सगळे एका कागदावर.

कधी कधी या चित्रांत चिन्हे कीतायइतकीच दाटतात, आणि ती उलगडून सांगणारा माहितीफलक डोळ्यांपुढे आपोआप तयार होतो. तिथे मी मागे सरतो. पण निळा रंग मला अस्सल शोध वाटतो. तारा, टोपी, नाक, उंदीर या सगळ्या खुणा दिलेल्या होत्या. ज्याने दिल्या त्याच्याशी झटापट केल्यावाचून त्या वापरता येत नाहीत. निळी कातडी कोणी दिलेली नाही. ती पाहून ‘ही कोण?’ असे विचारावे लागते आणि उत्तर कोणत्याही कार्यालयाच्या शिक्क्यात सापडत नाही. हेच आणखी एका बेने इस्राएल माणसाबाबत आठवते. निसीम एझिकेलांचे ज्यूपण सांगायचे झाले की ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही कविता पुढे केली जाते, कारण त्यात तसे उघड म्हटले आहे. त्यांच्या बाकीच्या कविता ज्यू माणसाने लिहिलेल्या नाहीत काय?

म्हणून शेवटी नुसबाउमच्याच दुसऱ्या एका चित्राकडे येतो, जे मुखपृष्ठांवर क्वचित दिसते. तेही १९४३चे, लपलेल्या दिवसांतले, तेही ओस्नाब्र्युकलाच आहे : ‘चित्रफलकापाशी आत्मचित्र’. यात तारा नाही, ओळखपत्र नाही, हॅट नाही, कोट नाही. माणूस कमरेच्या वर उघडा आहे, उन्हाळ्यात घरात बसावे तसा. तोंडात पाइप, हातात रंगपाटी. मागे एक मुखवटा लटकतो आहे, कोणाच्याही तोंडावर नाही. पुढ्यात रंगांच्या बाटल्या ओळीने मांडल्या आहेत आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, जशा औषधांच्या बाटल्यांवर असतात. एकीवर विनोद, एकीवर ओढ, एकीवर यातना. एका बाटलीवर शब्द नाही, कवटी आहे. तो आपल्याकडे पाहतो, पण हटकलेल्या माणसासारखा नाही. ज्याचे चित्र काढायचे आहे त्याच्याकडे चित्रकार डोळे बारीक करून पाहतो, तसा. फलक आपल्याला दिसत नाही. त्यावर त्याने आपल्याला कसे काढले आहे, ते तोच जाणे.